मधली पाच हात जागा

नदी त्या वर्षी गुडघ्यावर आली होती, आणि तीही दीमाच्या गुडघ्यावर. दीमा काही उंच बाई नव्हे. अडुसष्ट वर्षांच्या ओझ्यांनी तिला आणखी चार बोटं खाली आणलं होतं. पाणी आणायचं तर दगडगोटे तुडवत शंभर पावलं आत जायचं, मधल्या धारेत वाकायचं, आणि कॅन गढूळ भरला की ओतून पुन्हा भरायचा. सकाळच्या तिसऱ्या खेपेला ती आणि तिची सून सुरी अशा वाकलेल्या असताना खालच्या वळणावर एक होडी रुतली. होडीत सहा पोरंपोरी, पाच खोकी आणि छत्री उघडून बसलेल्या एक बाई.

"बसून काय ऱ्हायलात," सुरीनं हाक घातली. "उतरा नि ढकला. होडीला पाय न्हाईत."

पोरं उतरली. एकाचा बूट चिखलात राहिला, तो शोधायच्या नादात दुसराही गेला. दीमानं कॅन काठावर ठेवला, पाण्यात शिरली आणि होडीच्या टोकाला खांदा लावला. तिच्या शेजारी डोक्याला रुमाल बांधलेली एक काडीसारखी मुलगी जोर लावत होती, पण सगळा जोर तोंडावर आणि होडीवर काहीच नाही. दीमानं तिला कोपरानं ढोसलं आणि कंबर कुठं लावायची ते दाखवलं. होडी सुटली. मुलीचं नाव हस्लीना.

ही मंडळी नदीच्या मुखाकडल्या विद्यापीठातली. माहिती शोधायची कशी आणि सापडलेली खरी की खोटी हे ओळखायचं कसं, असा एक विषय त्यांना होता. दरवर्षी निम्मे गुण प्रकल्पाचे आणि निम्मे कुठं तरी जाऊन गावाची सेवा करण्याचे. छत्रीवाल्या लुसीबाई त्यांच्या ग्रंथालयाच्या मुख्य. पोरं त्यांना चेगू म्हणत, तिकडे मास्तरालाही चेगू आणि मास्तरणीलाही चेगू. त्यांनी या वर्षी दोन्हीची मोट एकत्र बांधली होती. सहा आठवडे लांबघरात राहायचं, लोकांबरोबर राबायचं, लोकांचा एक खरा प्रश्न घ्यायचा आणि त्याचं उत्तर शोधून द्यायचं.

लांबघराला बावीस दारं, एकेका दारामागं एकेक कुटुंब, आणि सगळ्यांना मिळून एकच ओसरी, या टोकाची हाक त्या टोकाला जेमतेम पोचेल एवढी. दिवेलागणीला सगळे चटयांवर बसले. पोरांनी खोक्यांतून रंगीत तक्ते काढून भिंतीला लावले. हे कोणी लिहिलं, केव्हा लिहिलं, त्याला कसं कळलं, असे तीन प्रश्न मोठ्या अक्षरांत होते. एका पोरानं अर्धा तास भाषण केलं. म्हातारे बसल्या जागी डुलक्या घेऊ लागले. दारी पाहुणा आला की त्याला मध्येच थांबवायचं नाही, या रीतीपायी बाकीचे जागे होते.

मग लुसीबाई उठल्या आणि म्हणाल्या, आमचं झालं, आता तुम्ही विचारा. कुणी मिरीच्या वेलावरचा रोग विचारला, कुणी शाळेच्या होडीचं विचारलं. सातव्या दारची रेंगाय, दीमाच्या सासूची भाची, म्हणाली की माझ्या पोरीला नवरा शोधून द्या, तुमचं यंत्र कामाचं असेल तर. ओसरी हसली. हसणं विरल्यावर दीमा बोलली. ती सहसा बोलत नसे, म्हणून सगळे वळले.

"मेलेलं बी कुठं मिळतं का, ते तुमच्या पुस्तकात असंल का?"

कोणी हसलं नाही. सुरीनं मान खाली घातली.

मूळभात म्हणजे चुलीचं बी. तिथल्या प्रत्येक घराचं आपापलं असतं. दर पेरणीला ते शेताच्या मध्यावर, पाच हात जागेत, सगळ्यांच्या आधी टोकायचं आणि मग त्याच्याभोवती बाकीचा डोंगर पेरायचा. ते विकायचं नाही, परक्याच्या हाती द्यायचं नाही. पोरगा वेगळा निघाला तरी त्याला दुसरं वाण मिळतं, हे मोठ्या चुलीपाशीच राहतं. दीमाच्या घरचं मूळभात चार वर्षांपूर्वी गेलं. तिचा नवरा उंगात पोटाच्या दुखण्यानं शहरातल्या इस्पितळात पडला होता आणि ती दोन हंगाम त्याच्या उशाशी बसून होती. पहिल्या हंगामात सुरीनं पेरलेलं उंदरांनी खाल्लं. माळ्यावर राखलेलं दुसऱ्या हंगामात पेरलं, तर त्याला ओल लागलेली. एक कोंब फुटला नाही. बावीस दारांनी सुरीला नावं ठेवली. तोंडावर नाही, पण पाणवठ्यावर ती आली की बोलणं थांबायचं, ते अजून थांबत होतं.

शेवटी शेवटी उंगातला दुसरं काही नको होतं. मूळभाताची पेज दे, म्हणायचा. दीमानं बाजारातल्या तांदळाची केली आणि हीच ती, म्हणून दिली. त्यानं एक घोट घेतला, तिच्याकडे पाहिलं आणि वाटी खाली ठेवली. ती वाटी दीमाला अजून दिसत असे, चुलीपुढं बसली की रोज.

तेव्हापासून दर पेरणीला ती मधली पाच हात जागा रिकामी सोडत होती. शेजारच्या वाणावर डोंगर पिकत होता, पोटाला मिळत होतं, पण मध्यावर राख आणि तण. लोक म्हणत, म्हातारीनं शेताला टक्कल पाडलंय. तिचा मुलगा जाबू पहिली तीन वर्षं गप्प बसला. या वर्षी पेरणीसाठी डोंगर जाळून झाला त्याच दिवशी त्यानं सांगून टाकलं. पामच्या मळेवाल्याचा माणूस पेरणी संपायच्या सुमाराला जमीन मोजायला येणार आहे. घराला मूळभातच उरलं नाही, तर डोंगर राखायचा कुणासाठी?

"मध्यावर काही उगवलं, तर त्याला परत धाडीन," तो म्हणाला होता. "न्हाई तर अंगठा देणार. मग रडायचं न्हाई, इंदाय." आईला इंदाय म्हणायचं, आणि तो ते अगदी हळू म्हणाला होता.

लुसीबाई दुसऱ्या सकाळी परत गेल्या. जाताना पोरांना एवढंच म्हणाल्या की मिरीचं उत्तर कुणीही देईल, आजींचा प्रश्न घ्या.

हस्लीना दीमाच्या मागं लागली. डोंगरावर अजून अर्धवट जळालेले ओंडके होते, ते ओढून कडेला रचायचे होते. पहिल्या दिवशी पोरीच्या हाताला सात फोड आले. ते तिनं मोजले आणि वहीत लिहूनही ठेवले. दीमानं त्यांना पाल्याचा रस लावला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओंडक्यावर धाडलं. ती मुसलमान, तिचं खाणं वेगळं. ती घरून आणलेल्या छोट्या पातेल्यात आपला भात आणि सुकी मासळी शिजवायची. दीमानं तिच्यासाठी चुलीचा एक कोपरा वेगळा काढून दिला आणि त्यावर दुसरं भांडं कुणाला ठेवू दिलं नाही.

ओंडके ओढता ओढता पोरगी विचारायची. लोंबी कशी होती, दाणा केवढा, पिकायला किती दिवस. दीमाला आधी शब्दच सापडेनात. चार वर्षं तिनं ते भात मनातल्या मनात हजारदा पाहिलं होतं, पण दुसऱ्याला सांगायची वेळ आली नव्हती. मग ती हळूहळू सांगू लागली. साल पिवळी, मधासारखी. दाण्याच्या टोकाला काळा ठिपका. कूस लांब, मांजराच्या मिशीएवढी, आणि लालसर. दुपारी ऊन तापलं की उभ्या पिकाला शिजलेल्या भाताचा वास यायचा. कापणीच्या दिवसांत उंगातच्या पाठीलाही तोच वास यायचा.

हे शेवटचं बोलून गेल्यावर तिला लाज वाटली. हस्लीनानं मान वर न करता विचारलं, "हेही लिहू, इनी?" आजीला तिकडे इनी म्हणतात.

"लिही. आता कोण ओरडायचंय."

फोनला रेंज मिळायची ती फक्त माथ्यावरच्या एका खडकावर. वेई शान नावाचा पोरगा, तोच बूट हरवलेला, रोज तिथं चढून बसायचा. दुसऱ्या आठवड्यात तो डोंगरावरून घसरतच खाली आला, ढोपर फुटलेलं आणि तोंडभर हसू. पूर्वी गावोगावचं बी गोळा करून एका थंड कोठारात ठेवलेलं आहे, त्याची यादी मिळाली होती. त्यात या नदीचं एक वाण होतं, फोटोसकट. सगळी ओसरी फोनवर झुकली. सुरी रडायलाच लागली.

दीमानं फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"याला कूस कुठं हाय?"

वेई शान म्हणाला, फोटोत नीट दिसत नसेल. खाली स्पष्ट लिहिलंय, याच नदीचं.

"नदी तीन दिवसांच्या वाटेची हाय, लेकरा. कुठल्या काठाचं? कुणाच्या घरचं? लिहिलंय कुणी हे?"

पोरांनी एकमेकांकडं पाहिलं आणि मग भिंतीवरच्या आपल्याच तक्त्याकडं. तिथं असेच तीन प्रश्न दोन आठवडे लटकत होते. वेई शान खाली बसला. हस्लीना म्हणाली की यादीत या जिल्ह्याची चारशेहून जास्त वाणं आहेत, बहुतेकांना नावच नाही, नुसता आकडा. फोटोही थोड्यांचेच. जुन्या चिठ्ठ्या वेगळ्या पेटीत आहेत. कोणत्या साली, कोणत्या लांबघरातून, कुणी दिलं, एवढं कळलं तरच कोठारातले लोक चिठ्ठी काढून बघतील. तुमच्या घरून कधी कुणी दिलं होतं का?

उत्तर गावप्रमुख एम्पालिंगनं दिलं. आवाज चढवला नाही. मूळभात कुणी देत नाही, म्हणाला. शंभर वर्षांत या ओसरीवरून एक दाणा गेलेला नाही. तुम्ही दुसरीकडं शोधा.

दीमानं फोन सुरीच्या हातात दिला आणि चूल फुंकायला आत गेली. चूल पेटलेलीच होती.

दिलं होतं. तिनंच दिलं होतं. एकोणीस वर्षांची होती, लग्नाला दीड वर्ष झालेलं. एक तरुण माणूस होडीतून आला होता, कापडी पिशव्या आणि कागदाचे चिटोरे घेऊन. तीन दिवस ओसरीवर राहिला. प्रत्येक घरानं त्याला साधं भात दिलं. निघायच्या दिवशी दुपारी सगळे डोंगरावर होते आणि ती एकटी घरी होती, कारण तिचं पहिलं मूल नऊ दिवसांचं होऊन गेलं होतं आणि सासूनं तिला अजून शेतात येऊ दिलं नव्हतं. तो पिशव्या बांधत होता. सहज बोलला की थंड पेटीत ठेवलेलं बी वर्षानुवर्षं मरत नाही. मरत नाही, एवढंच तिला ऐकू आलं. ती आत गेली, मूळभाताच्या करंडीत हात घातला आणि एक मूठ आणून त्याच्यापुढं धरली. त्यानं तिचं नाव विचारून कागदावर लिहून घेतलं. तिचं नाव त्याआधी कुणी कधी लिहिलं नव्हतं.

एकोणपन्नास वर्षं तिनं हे उंगातलाही सांगितलं नाही. आणि मूळभात गेलं तेव्हा तिला कारण ठाऊक होतं. उंदीर नव्हे, ओल नव्हे. परक्याला दिलेलं बी रुसून गेलं होतं. हे तिला ठाऊक असून तिनं चार वर्षं सुरीला पाणवठ्यावर मान खाली घालून उभी राहू दिली होती.

त्या आठवड्यात तिनं दोन माणसांचं काम केलं. राख पसरली, कुंपण घातलं, पहाटे उठून कृत्तिका किती वर चढल्या ते पाहिलं. कृत्तिका डोक्यावर आल्या की पेरणी थांबवायची, त्यानंतरचं भात पोकळ जातं. अजून वीस-बावीस दिवस होते. हस्लीना बरोबर असायची, पण आता विचारत नव्हती. तिच्या हातावरचे फोड वाळून घट्टे पडले होते आणि तिनं एकदा ते कौतुकानं दीमाला दाखवले. दीमाला वाटलं, हिला सांगावं. तोंडापर्यंत आलं आणि पुन्हा खाली गेलं.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी लुसीबाई तपासणीला आल्या. पुन्हा ओसरी भरली. हस्लीनानं उभं राहून अहवाल वाचला. कुठं कुठं शोधलं, कोणाला पत्र घातलं, कोणती नोंद चुकीची निघाली आणि ती आजींनी कशी ओळखली, सगळं. शेवटी म्हणाली की उत्तर सापडलं नाही, कारण या घरून बी दिल्याची आठवण कुणालाच नाही.

लुसीबाई म्हणाल्या, सापडलं नाही हेही उत्तरच आहे. कुठं शोधलं हे प्रामाणिकपणे लिहिलंत, म्हणजे पुढचा माणूस तिथं पुन्हा वेळ घालवणार नाही. गुण कापणार नाही.

आणि दीमाच्या मनात आलं की या पोरांनी सगळीकडं शोधलं, फक्त माझ्या पोटात शोधलं नाही. आणि ते त्यांना कसं शोधता येणार, ते मीच उघडायला हवं. तिनं गुडघ्यावर हात ठेवला आणि उठली. उठायला तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

"आठवण हाय," ती म्हणाली. "म्या दिलं व्हतं."

हस्लीनानं वही उघडली.

"या घरात आल्याला दीड वर्ष झालं व्हतं. माझं पहिलं मूल गेलं, त्याच महिन्यात. साल हिशेबानं तुमी काढा. एक मूठ दिली. सासूला ठाव न्हाई, नवऱ्याला ठाव न्हाई. बी माझ्यापायी गेलं. सुरीचा त्यात काही दोष न्हाई."

रेंगायनं तोंडातली सुपारी थुंकली. "तरीच," ती म्हणाली. "माझी आत्या शेवटपर्यंत म्हणायची, करंडीचं झाकण कुणीतरी हलवलंय. मेली तोवर म्हणत व्हती. आनि ही बया तिचे पाय चेपायला बसायची."

दीमानं ते ऐकून घेतलं. खरंच होतं ते. जाबू उठला, तिच्याकडं न बघता शिडी उतरून नदीकडं गेला. सुरी जागची हलली नाही. तिनं फक्त डोक्यावरचा पदर काढावा तशी मान वर केली आणि चार वर्षांत पहिल्यांदा ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांकडं बघितलं.

एम्पालिंगनं आणि म्हाताऱ्यांनी बसून ठरवलं. रीतीप्रमाणे दंड, एक डुक्कर आणि एक जुना पितळी थाळा. बी परत आलंच, तर ते नव्या सुनेसारखं उंबऱ्यातून आत घ्यायचं. पण दीमानं त्याला हात लावायचा नाही.

"तुझ्या हातानं गेलं," तो म्हणाला, आणि त्याला ते बोलणं जड जात होतं. तिचं माहेरही याच ओसरीवरचं, लहानपणी दोघं एकाच होडीत खेळले होते. "तुझ्या हातानं यायचं न्हाई. पहिली कापणी होऊन करंडीत पडंस्तवर त्या पाच हातांत तू पाय ठेवायचा न्हाई, दीमा."

तिनं मान हलवली. थाळा तिच्या माहेरचा होता. तो तिनं राखेनं घासून लख्ख केला आणि स्वतः नेऊन दिला.

दुसऱ्या सकाळी वेई शान फुटक्या ढोपरानिशी खडकावर चढला. लांबघराचं नाव, तिचं नाव, नवऱ्याचं नाव आणि दोन सालं, त्यातलं एक बरोबर असणारच, असं सगळं त्यानं कोठाराला धाडलं. अर्ज लुसीबाईंनी स्वतः लिहिला. पाचव्या दिवशी उत्तर आलं की चिठ्ठी मिळाली आहे आणि बी जिवंत आहे. किती दिवसांत पाठवू, हे मात्र लिहिलं नव्हतं.

पेरणी सुरू झाली. पुरुष पुढं रांगेनं टोकणीच्या काठ्या आपटत खड्डे पाडत जायचे, मागून बायका चिमटीनं दाणे सोडायच्या. जाबू आईशी बोलत नव्हता, पण खड्डे पाडत होता. मध्यावर आला की त्या पाच हातांना वळसा घालून पुढं जायचा. पामवाल्याचा माणूस एकदा येऊन उतार बघून गेला आणि पुढच्या सोमवारी फीत घेऊन येतो म्हणाला. दीमा रोज पहाटे कृत्तिका बघायची. त्या रोज जरा वर सरकलेल्या असायच्या, आणि नदीवर होडीचा आवाज नसायचा. उंगात असता तर काय म्हणाला असता, हे ती मनात करून बघायची. कधी तो रागवायचा, कधी नुसती वाटी पुढं करायचा.

शनिवारी दुपारी होडी आली. थोडा पाऊस झाला होता, म्हणून रुतली नाही. लुसीबाई पोरांना परत न्यायला आल्या होत्या आणि त्यांच्या हातात एक चंदेरी पाकीट होतं, तळहाताएवढं. दहा ग्रॅम. सुरीनं ते सुपात घेतलं. एम्पालिंगनं उंबऱ्यावर कोंबडा ओवाळला, बायकांनी दोन्ही बाजूंनी तांदूळ उधळले. दीमा ओसरीच्या कठड्याला टेकून चार हात लांब उभी होती. हस्लीना येऊन तिच्या शेजारी उभी राहिली.

सुरीनं पाकीट उघडलं आणि दाणे सुपात पसरले. मधासारखी साल, टोकाला काळा ठिपका. कुसा साठवताना मोडल्या होत्या, पण दोन दाण्यांना राहिल्या होत्या, लालसर. सुरी सूप घेऊन कठड्यापाशी आली आणि दीमानं बघावं म्हणून तिरपं धरलं. दीमानं हात पाठीमागं बांधून घेतले होते. तिनं वाकून वास घेतला. वास नव्हता, नुसता गारवा.

पाकिटाबरोबर जुन्या चिठ्ठीची नक्कल होती. हस्लीनानं ती वाचून दाखवली. तारीख, नदी, लांबघर. देणाऱ्याचं नाव, दीमा, उंगातची पत्नी, वय एकोणीस. खाली शेरा म्हणून एक रकाना होता. तिथं पोरगी थांबली.

"वाच," दीमा म्हणाली.

"देणारीचं मूल नुकतंच गेलं आहे. हे भात घराबाहेर द्यायची रीत नाही, तरी तिनं दिलं आहे. तिनं वा तिच्या घरच्यांनी मागितल्यास लगेच परत द्यावं."

दीमानं ते पुन्हा वाचायला लावलं. मग खाली बसली.

"मागितल्यास," ती म्हणाली. "म्हंजे मागायचंच व्हतं नुसतं. चार वर्षांमागं एक शब्द काढला असता, तर त्यानं हे दाणे हातात घेऊन डोळं मिटलं असतं."

जाबू ओसरीच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून ऐकत होता. तो आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात बापाची टोकणीची काठी होती, चार वर्षं आढ्याला खोचून ठेवलेली, जाळ्या लागलेली. ती त्यानं मांडीवर पुसली.

"चला," तो म्हणाला. "उन्हं उतरायच्या आत. सोमवारी त्या फीतवाल्याला परत धाडायचं तर मध्यावर काही तरी पाह्यजे."

ते डोंगरावर गेले. पोरंही गेली. दीमा पाच हातांच्या कडेला, भोवतीच्या पेरणीच्या सीमेवर उकिडवी बसली. जाबूनं खड्डे पाडले, हलक्या हातानं, जवळजवळ. सुरीनं एका खड्ड्यात एक असे दाणे सोडले. एरवी चिमूट टाकतात, पण आज एकेक. दीमाच्या बोटांची चिमूट आपोआप होत होती, तिनं ती मांडीखाली दाबून धरली. संध्याकाळ झाली तेव्हा सगळे दाणे जमिनीत होते आणि हस्लीनाची वही मिटलेली होती.

"या वर्षी सगळं बियाण्यालाच लागंल, इंदाय," सुरी हात झटकत म्हणाली. "पुढल्या वर्षी बी. वाटीभर शिजवायचं म्हंजे तीन पेरण्या."

दीमानं मनात तीन पेरण्या मोजल्या. एकाहत्तर. तिनं गुडघे दाबून बघितले.

हस्लीना निघताना तिच्या पाया पडली नाही, तशी रीत नाही. तिनं दीमाचा हात घेऊन कपाळाला लावला. तीन वर्षांनी पहिली वाटी शिजेल तेव्हा मला कळवाल का, म्हणाली. मी येईन. तुमच्याबरोबर बसून खाईन.

"ये," दीमा म्हणाली. "माझ्याबरोबर दुसरी वाटी खा. पहिली वाटी त्याची हाय. त्याच्या थडग्यापाशी नेऊन ठेवीन, नि सांगीन, ही खरी हाय."